घेणाऱ्याची सही

आत्याच्या दादाने मरणाची तयारी सुरू केली ती सकाळच्या चहाच्या वेळी, आणि त्यासाठी पहिली वस्तू मागितली ती चिकटपट्टी.

"चिकटपट्टी कशाला?" आत्याने मान वर न करता विचारलं. ती खिडकीत बसून कुणाच्या तरी कोटाचं भोक रफू करत होती. लॉन्ड्रीवाला दर आठवड्याला तिच्याकडे फाटक्या कपड्यांचं एक गाठोडं पाठवत असे आणि ती ते न फाटल्यासारखे करून परत पाठवत असे. गल्लीतली अर्धीअधिक प्रतिष्ठा तिच्या धाग्यावर उभी होती, फक्त हे कुणी बोलून दाखवत नसे. रफूचं काम नीट झालं की ते दिसत नाही आणि न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कोण करणार?

"मृत्युपत्र करायचंय," दादा म्हणाला. आज बूट पॉलिश करायचेत, असं म्हणावं तितक्या सहज.

आत्याला सगळे आत्याच म्हणत. खरी आत्या ती फक्त दादाच्या मुलाची, पण लॉन्ड्रीवाला, कोपऱ्यावरचा औषधवाला, वरच्या काकू, सगळ्यांनी तेच नाव उचललं होतं. दादाला मात्र सगळे स्टोअरसाहेब म्हणत. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने उभी हयात स्टोअर सांभाळलं होतं, आणि त्याचा एकच नियम होता: घेणाऱ्याची सही नाही, तर माल हलत नाही. वायसर असो की अख्खी मोटर. एकदा म्हणे खुद्द मालक टॉर्चचे सेल न्यायला आले, तर दादाने त्यांच्यापुढे वही सरकवली. मालकांनी सही केली. हा प्रसंग दादाने आत्याला इतक्या वेळा सांगितला होता की त्या टॉर्चचा उजेड तिला पाठ होता.

निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं, नियम सुटला नाही. घरातला बल्ब गेला की नवा बल्ब दादाच्या कपाटातून निघायचा, पण सही घेऊन. आत्याने आयुष्यात बल्बसाठी, साबणासाठी, सुतळीच्या गुंड्यासाठी सह्या केल्या होत्या. वहिनी लवकर गेली, तेव्हा दादाचं पोर आत्याच्या हातात आलं. त्या एका गोष्टीसाठी मात्र दादाने सही घेतली नव्हती. बहुधा विसरला असावा.

तर चिकटपट्टी आली आणि घरात नंबर चिकटायला लागले. कपाट, घड्याळ, उभा पंखा, इस्त्री, आरसा. प्रत्येकावर दादाच्या ठसठशीत अक्षरात नंबर आणि खाली कुणाला द्यायचं ते. आत्या चहाचा कप उचलायला गेली तर कपाच्या बुडाला चिठ्ठी. मेलेल्या माणसाच्या घरात राहतोय असं वाटायला लागलं, आणि मेलेला माणूस तर समोर बसून बिस्किट बुडवून खातोय.

"आणि घराचं काय?" आत्याने एकदाचं विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, पण सुई थांबली होती.

दादा उठला, आणि तिच्या खिडकीच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवली. 'घर, खिडकीसकट. बहिणीस.'

आत्याने पुन्हा टाके घालायला सुरुवात केली. पुढचे दोन टाके चुकले ते तिने उसवले, आणि कुणाला कळू दिलं नाही. ती खिडकी म्हणजे तिचं पोट होतं. दिवसभर तिथे सारखा, शांत उजेड यायचा, ज्यात काळ्यातला काळा आणि निळ्यातला काळा वेगळा दिसतो. दुसऱ्या कुठल्या घरात, दुसऱ्या कुठल्या खोलीत तिला हे काम जमलं नसतं. आणि दुसरं घर तरी होतं कुठे तिचं?

आता, माणूस मरायची तयारी करतोय हे शेजारपाजाऱ्यांना कळलं की त्यांच्या अंगात एक वेगळाच उत्साह येतो. औषधवाला म्हणाला, "स्टोअरसाहेब, वकिलाला दाखवा. माझ्या दुकानाच्या वरच बसतात वकीलबाई. जिना चढला की झालं."

"माझ्या घरातल्या वस्तू मला माहीत, माझी माणसं मला माहीत," दादा म्हणाला. "मध्ये वकील कशाला? ती बाई माझं घड्याळ ओळखते का?"

"घड्याळ नाही, कायदा ओळखतात त्या."

दादाने खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि पुढे कितीतरी दिवस समोरच्या फुटपाथवरून चालला. जिना दिसला तरी अपमान झाल्यासारखं वाटे त्याला. स्वतःचा नळ स्वतः दुरुस्त करणारा माणूस. तो नळ अजून गळत होता ही गोष्ट वेगळी.

खालच्या मजल्यावर फोटोग्राफर राहत होता. त्याने सुचवलं की कागद कशाला, व्हिडिओच करू. आणि व्हिडिओ करतोच आहोत तर एक चांगला फोटोही काढून ठेवू, नंतर फ्रेमला उपयोगी पडेल. दादाला ही कल्पना व्यवहारी वाटली. कोट घालून, केस बसवून तो स्टुडिओत स्टुलावर बसला. त्या कोटाचं कोपर झिजलं होतं. आत्या कितीतरी दिवस म्हणत होती की करून देते, पण लॉन्ड्रीचे कोट आधी. "हात मांडीवर ठेव, दिसणार नाही," ती म्हणाली.

"जरा हसा," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"हा फोटो मी मेल्यावर लावायचा ना? मग हसू कशाला?"

फोटो न हसताच निघाला. व्हिडिओचं राहूनच गेलं, कारण त्याच दिवशी शिडीवरून भांडण झालं.

शिडी दादाची होती. फोटोग्राफरने ती स्टुडिओची पाटी लावायला म्हणून नेली होती, आणि नंतर तिला इतकी सवय झाली तिथे राहायची, की फोटोग्राफरने तिच्यावर स्टुडिओचं नावही रंगवून टाकलं. दादाने मृत्युपत्रात लिहिलं, 'लाकडी शिडी, खालच्या फोटोग्राफरांस.' का, तर निदान कागदावर तरी सिद्ध व्हावं की ती आधी आपली होती.

"माझीच शिडी मला देताय?" फोटोग्राफर म्हणाला.

"तुमची असती तर देता आली असती का मला?"

हा युक्तिवाद दादाला इतका आवडला की त्याने तो जिन्यात सगळ्यांना ऐकवला. फोटोग्राफरने बोलणं बंद केलं.

मग कचेरी. नोंदणी कचेरीत आत्या दादाबरोबर गेली, कारण दादाने जाड कागद, शाई, रबरी शिक्का आणि पाण्याची बाटली घेतली होती आणि पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं. काचेमागच्या कारकुनाने सगळं सामान पाहिलं.

"मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कागद चालतो."

"साधा?" दादाचा चेहरा पडला. "आयुष्यभराचं सगळं साध्या कागदावर?"

"चालतो. नोंदणी नाही केली तरी चालतं."

"मग लोक इथे येतात कशाला?"

"तेच मी रोज विचारतो," कारकून म्हणाला आणि ओल्या स्पंजवर बोट दाबून पुढचा कागद उलटला. "साक्षीदार दोन घ्या. कसे असावेत ते त्या तक्त्यावर लिहिलंय." आणि काच खाली ओढली. जेवणाची सुट्टी.

तक्ता भिंतीवर होता खरा. पण त्याच्यापुढे मोडक्या खुर्च्यांची चळत होती आणि वर एक दार निखळलेलं कपाट, त्यामुळे खुर्च्यांच्या पायांमधून फक्त खालची ओळ दिसत होती: '...नसावा, व सज्ञान असावा.'

"दादा, वरचं दिसत नाहीये," आत्या टाचा उंच करून म्हणाली. "काहीतरी नसावा म्हणतोय."

"चोर नसावा, वेडा नसावा, आणखी काय नसणार? चल, ऊन वाढतंय."

आत्याने आणखी एकदा पाहिलं. भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण ते भोक मोडक्या खुर्च्यांच्या मागे होतं, आणि पिशवी जड होती.

सह्यांच्या दिवशी दादाने टेबल पुसलं, मध्ये कागद ठेवला, पेन तपासून घेतलं. भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, कागद एकदा वकिलाला दाखवा." दादाने फोन ठेवल्यावर नाकपुड्या फुगवल्या. भाचा दुसऱ्या शहरात राहायचा, त्याच्या वाट्याला 'बाकी जे काही उरेल ते सर्व' असं लिहिलं होतं. त्याची सही दादाने मागितलीच नाही. स्टोअरमध्ये उरल्यासुरल्या भंगाराला पावती नसते.

घर आणि नंबर चिकटलेल्या बाकी वस्तू आत्याला होत्या, वरच्या काकूंना उभा पंखा. त्या आल्या त्याच वारा घेत. "हा आत्ताच नेला तर चालेल का? वर फार उकडतं हो."

"मी गेल्यावर," दादा म्हणाला.

"मग उन्हाळ्याच्या आत बघा काहीतरी," काकू म्हणाल्या आणि सही केली.

खालून फोटोग्राफरला बोलावणं गेलं. त्याने दारातूनच सांगितलं की स्वतःच्या शिडीसाठी तो मेला तरी सही करणार नाही. "ठीक आहे," दादा थंडपणे म्हणाला, "मग शिडी मिळाली नाही तर माझ्याकडे येऊ नका." आणि आपण तेव्हा कुठे असणार हे लक्षात येऊन त्याने पेनाचं टोपण उगाच लावून पुन्हा काढलं.

आता आत्या. तिने पेन हातात घेतलं आणि ठेवलं.

"दादा, घर मला मिळतंय आणि साक्षीला मीच. बरं दिसतं का ते? औषधवाल्याला बोलावू या का?"

"औषधवाल्याला काय मिळतंय? त्याचा काय संबंध?" दादाला खरंच कळेना. "अगं, ज्याला माल मिळतो त्याचीच सही लागते. उद्या कुणी म्हणालं, तुला दिलंच नाही, तर काय दाखवशील?"

हे आत्याला पटलं. आयुष्यभर पटत आलं होतं. तिने सही केली, पूर्ण नावानिशी, अक्षरात अक्षर न अडकवता, खालून उसवणार नाही अशी. आणि ती कधी नव्हे ती स्वतःच्या सहीकडे थोडा वेळ बघत बसली. बल्बसाठी केलेल्या सह्यांपेक्षा ही वेगळी दिसत होती.

दादा उन्हाळ्याच्या आत गेला. काकूंना त्याबद्दल पुढे फार वाईट वाटलं, आपल्या तोंडून असं निघायला नको होतं, असं त्या येईल त्याला सांगत राहिल्या. खुर्चीत बसून तो स्क्रूचा डबा निवडत होता, लांब एकीकडे, आखूड एकीकडे, आणि आत्या कोटाची बाही करत होती. लॉन्ड्रीच्या कोटाची. तिने विचारलं, "चहा टाकू?" आणि उत्तर आलं नाही. तिला वाटलं मोजत असेल.

घरभर चिठ्ठ्या तशाच होत्या. येणारे लोक हात जोडायचे आणि नजर हळूच वस्तूंवरून फिरवायचे, आपलं नाव दिसतंय का.

भाचा आला, रडला, आणि नीट माणसासारखा कागद घेऊन औषधवाल्याच्या वरचा जिना चढला. आत्या बरोबर गेली. वकीलबाईंनी कागद वाचला. मग उलट बाजूने वाचला. मग चष्मा काढून पुसला, आणि आत्याला ते लक्षण बरं वाटलं नाही.

"या सह्या कुणाच्या?"

"ही माझी," आत्या म्हणाली. थोडा अभिमान होताच. "ती वरच्या काकूंची."

"साक्षीदार म्हणून?"

"घेणारे म्हणून."

वकीलबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू बोलायला लागल्या, आणि लोक हळू बोलायला लागले की समजावं काहीतरी बिनसलंय. "आत्या, मृत्युपत्र खरं आहे. पण ज्याला मृत्युपत्रात काही दिलंय, तोच साक्षीदार असेल, तर त्याला दिलेलं बाद होतं. कायद्याला शंका येते, की मिळणाऱ्यानेच म्हाताऱ्या माणसाचा हात धरून लिहवून घेतलं असेल."

"मी हात धरला नाही. मी तर पेन ठेवून दिलं होतं."

"मला माहीत आहे."

"म्हणजे मी सही केली म्हणून घर मला नाही?"

"हो."

"आणि केली नसती तर?"

"तर दुसऱ्या कुणाची घेतली असती, आणि घर तुमचं होतं."

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली मेडिकलची पाटी होती, हिरवी, आणि तिच्यावर धूळ. कचेरीतला तक्ता तिच्या डोळ्यांपुढे आला, खुर्च्यांच्या मागचा. '...नसावा.'

"मग घर कुणाला?"

"बाद झालेलं सगळं 'बाकी जे काही उरेल' त्यात जातं," वकीलबाई म्हणाल्या. भाच्याने खाली पाहिलं. "आणि शिडी फोटोग्राफरना. त्यांनी सही केली नाही, म्हणून ती त्यांचीच."

अख्ख्या मृत्युपत्रातून जी एक वस्तू ठरल्या माणसाला मिळाली, ती त्याच्याकडे आधीपासून होती. फोटोग्राफरला कळलं तेव्हा तो भेटायला वर आला, खूप वेळ बसला, आणि म्हणाला, "माणूस तसा न्यायी होता." काकूंनी पंखा आधीच वर नेला होता, तो भाच्याला विचारून ठेवून घेतला. औषधवाल्याने सांगितलं की त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. ज्याला त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. गल्लीत इतके कायदेपंडित राहतात याचा आत्याला पत्ताच नव्हता.

"मी काय तुला बाहेर काढणार आहे का, आत्या?" भाचा जाताना म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं. लहानपणी ताप आला की तो हिच्याच कुशीत झोपायचा, आणि ते तो विसरला नव्हता. वाईट माणूस नव्हताच तो. वाईट असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

थंडी पडायच्या सुमाराला तो पुन्हा आला. बरोबर एक गृहस्थ होते, मोजपट्टी घेऊन. त्यांनी भिंती मोजल्या, खिडकी मोजली. खिडकी मोजताना आत्याला म्हणाले, "जरा बाजूला होता का?" ती झाली.

भाचा तिच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसला आणि त्याने तिचं एक रीळ उचलून परत ठेवलं. मग म्हणाला, "तू माझ्याकडे चल. तुझी खोली काढलीये. छोटी आहे, पण स्वतंत्र आहे."

"खिडकी आहे?"

"आहे ना. डक्टकडे उघडते."

"उजेड?"

"ट्यूबलाइट आहे, आत्या. चांगली मोठी."

ट्यूबखाली निळ्यातला काळा आणि काळ्यातला काळा एकच दिसतो. हे ती त्याला सांगू शकली असती, पण ज्याने आयुष्यभर तिच्या हातचे रफू घातले आणि त्याला ते कधी दिसले नाहीत, त्याला काय सांगणार? कागद पुढे आला.

"इथे फक्त एक सही," भाचा म्हणाला. "की तू आपखुशीने घर रिकामं करतेयस. हे साहेब घर विकत घेतायत, त्यांना तसं लेखी हवं असतं. नुसतं नावापुरतं."

आत्याने कागद उचलला. वरपासून वाचला. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, खाली काय आहे ते, वर काय आहे ते, मागे काही आहे का तेही उलटून पाहिलं. मग पेन त्याच्या खिशात परत अडकवलं, लहानपणी शाळेत पाठवताना रुमाल अडकवायची तसं.

"नाही करत," ती म्हणाली.

"आत्या, अगं—"

"तुझ्या बापाचा नियम होता. घेणाऱ्याची सही नाही, तर माल हलत नाही." तिने खिडकीच्या चौकटीवरची चिठ्ठी बोटाने दाबून पुन्हा चिकटवली, एक कोपरा सुटला होता. "बल्बसाठी केली, साबणासाठी केली, एक या घरासाठी केली. आता एकही नाही. मी हलत नाही."

गृहस्थांनी मोजपट्टी गुंडाळली. ती कट् कट् आवाज करत आत गेली. कोर्टातून दुसरा कागद आणता येतो, त्यावर हिची सही लागतही नाही, हे भाच्याला माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. वकीलबाईंनी तिला तेही हळूच सांगितलं होतं. भिंतीवरून दादा बघत होता, न हसता, हात मांडीवर ठेवून.

आत्याने लॉन्ड्रीचं गाठोडं बाजूला सारलं आणि कपाटातून दादाचा कोट काढला. त्याच्यावरही नंबर होता. उजेड अजून बराच होता. तिने कोपर मांडीवर पसरलं, झिजलेल्या कडा बोटांनी जवळ आणल्या, धागा निवडला, परत ठेवला, दुसरा निवडला.

भाचा तसाच बसून होता. जायचं की थांबायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं, अगदी लहानपणासारखं.

"बस," ती सुईत धागा ओवत म्हणाली. "एवढं झालं की चहा टाकते. त्याला सही लागत नाही."